जर्मन सिग्नल आणि वेगमर्यादा : ट्रेन सिम्युलेटरच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी जवळजवळ रोज रात्री तासभर ट्रेन सिम्युलेटरमध्ये जर्मन मार्गांवर गाडी चालवतो आहे. पहिले दोन महिने पडद्याच्या कोपऱ्यात पुढची वेगमर्यादा दाखवणाऱ्या पट्टीच्या भरवशावर गेले. नंतर ती पट्टी मी बंद केली आणि खरे शिक्षण तेव्हा सुरू झाले.

अडचण होती ती मुंबईत लागलेल्या सवयीची. आपल्याकडे गाडी वळणमार्गावर जाणार असेल, तर सिग्नलवर पांढऱ्या दिव्यांची तिरकी रांग लागते; सांध्यांवरचा, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथला, वेग चालकाला ठाऊक असतो. जर्मन सिग्नल सहसा मार्ग सांगत नाही, वेग सांगतो. जुन्या पद्धतीच्या मुख्य सिग्नलवर हिरवा आणि त्याखाली पिवळा दिसला, तर मर्यादा ताशी ४० किलोमीटर. मात्र सिग्नलच्या वर पांढरा ६ उजळला असेल तर ६०, कारण आकड्याला नेहमी दहाने गुणायचे असते. ही मर्यादा पुढच्या सांध्यांच्या पट्ट्यापुरती असते आणि गाडीचा शेवटचा डबा तो ओलांडेपर्यंत वेग वाढवता येत नाही. इंजिन मोकळ्या रुळावर आले की मी लगेच वेग वाढवत असे. ही खोड जायला मला महिना लागला.

दोन पिवळे दिवे तर फारच फसवे आहेत. भारतात डबल यलो दिसला की पुढचा सिग्नल बहुधा एकच पिवळा असतो, म्हणजे थांबायला अजून अवकाश असतो. जर्मनीच्या जुन्या पूर्वसूचक सिग्नलवर तिरके दोन पिवळे म्हणजे पुढचा मुख्य सिग्नल लाल आहे असे समजायचे, आणि तो मुख्य मार्गांवर साधारण १००० मीटरवर असतो. १९९० च्या दशकात आलेल्या नव्या केएस सिग्नलवर हेच काम एकटा पिवळा दिवा करतो. लुकलुकणारा हिरवा आणि त्याखाली पिवळा आकडा दिसला, तर पुढच्या सिग्नलपासून त्या आकड्याचा वेग पाळायचा. रुळाकाठच्या पाट्या त्यामानाने सोप्या: टोक खाली असलेला पिवळा त्रिकोण आगाऊ सूचना देतो, पांढऱ्या आयताकृती पाटीपासून मर्यादा लागू होते.

पीझेडबी ही गाडीच्या वेगावर देखरेख ठेवणारी सुरक्षाप्रणाली मात्र वेळ मागते. पूर्वसूचक सिग्नल सावधगिरीचा असेल, तर रुळालगतचा १००० हर्ट्‌झचा चुंबक गाडीला सूचना देतो. ४ सेकंदांत पोच देणारे बटण दाबायचे आणि वेगवान प्रवासी गाडीत २३ सेकंदांत वेग ८५ च्या आत आणायचा. ७०० मीटरनंतर चालककक्षातला पिवळा दिवा विझतो आणि चालकाला देखरेखीतून सुटका घेता येते. एका रात्री चार रुळांच्या भागात मी डावीकडचा हिरवा सिग्नल आपला समजून ही सुटका घेतली. जर्मनीत गाड्या सामान्यतः उजव्या रुळावरून धावतात आणि सिग्नलही उजवीकडे असतात; माझा सिग्नल अजून लालच होता. त्याच्या अलीकडे सुमारे २५० मीटरवर असलेल्या ५०० हर्ट्‌झच्या चुंबकावर इंजिन येताच आपत्कालीन ब्रेक लागले. गाडी थांबली तेव्हा तो नियम कशासाठी आहे हे मला पूर्ण कळले: सुटका घेणे म्हणजे ‘पुढचा सिग्नल मी पाहिला आहे’ असे चालकाने सांगणे, आणि ते खोटे ठरले तर यंत्रणा त्याचे काही ऐकून घेत नाही.

तक्रार एकच आहे आणि ती मनापासून आहे. मी वापरतो त्या सिम्युलेटरच्या प्रशिक्षण-धड्यात कोणते बटण केव्हा दाबायचे एवढेच सांगितले आहे. कारण कुठेही दिलेले नाही. नवख्या माणसाने जुन्या सिग्नलांच्या एखाद्या मार्गावर दिवसाउजेडी प्रादेशिक गाडी घ्यावी, सुरुवातीला पीझेडबी बंद ठेवून केवळ दिवे आणि पाट्या वाचाव्यात, मगच ती सुरू करावी.

मी सध्या मालगाडीकडे वळलो आहे. तिथे कमी ब्रेकक्षमतेच्या गाडीला ३८ सेकंदांत ५५ वर यावे लागते, आणि पाचशे मीटरची शेपटी सांध्यांबाहेर पडेपर्यंत हात आवरून बसावे लागते.