रे मिस्टेरिओचा मुखवटा घेताय? आधी मागची नाडी बघा

मुखवटाधारी कुस्तीपटू रे मिस्टेरिओच्या नावाने विकले जाणारे मुखवटे ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात: इलॅस्टिक लावलेला नुसता पुढचा चेहरा, मागे वेल्क्रो किंवा चेन असलेला पूर्ण डोक्याचा, आणि मागे नाडी ओवून आवळायचा. पहिला लहान मुलाला खेळायला ठीक आहे. दुसऱ्यावर पैसे घालवू नका. वेल्क्रोत केस अडकतात, मान वळवली की डोळ्यांची भोकं सरकतात आणि जरा ओढलं तरी मागून उघडतं.

नाडीचा मुखवटा हाच खरा. मेक्सिकोच्या लुचा लिब्रे या व्यावसायिक कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा मुद्दाम ओढून काढला तर काढणारा कुस्ती हरल्याचा निकाल देतात. मुखवट्याला एवढं महत्त्व, म्हणून तो डोक्याला त्वचेसारखा बसावा लागतो. घेताना आतली बाजू उलटून बघा. ताणणारं लायक्रा, आत मऊ अस्तर आणि वरची चकचकीत नक्षी शिवलेली हवी. चिकटवलेली असेल तर घामाने आधी डोळ्यांच्या कडेची सुटते, कारण कापड तिथेच सर्वांत जास्त ताणलं जातं. नाडीखाली कापडाची जीभ आहे ना, तेही बघा, बुटाला असते तशी. ती नसेल तर नाडी टाळूला काचते.

मापं दोन घ्या: कपाळावरून डोक्याचा घेर, आणि हनुवटीखालून टाळूवरून परत हनुवटीपर्यंतचा घेर. घालताना नाडी पूर्ण सैल करा, आधी डोळे आणि नाक जागेवर आणा, मग वरून खाली आवळत या, मानेपाशी गाठ मारून टोकं आत खोचा. उलट केलंत, म्हणजे आधी आवळून मग डोळे जुळवायला गेलात, तर नाकावर दाब येतो.

आता कोणत्या काळातला घ्यायचा? मेक्सिकोतल्या तिहुआनात १९८९ मध्ये, चौदाव्या वर्षी रिंगणात उतरलेला हा मुलगा पुढे एएए या मेक्सिकन कुस्ती कंपनीत, मग १९९५ मध्ये ईसीडब्ल्यू आणि १९९६ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन कंपन्यांत गेला. यातला सर्वांत देखणा मुखवटा २६ ऑक्टोबर १९९७ चा. लास वेगासला डब्ल्यूसीडब्ल्यूच्या हॅलोवीन हॅव्हॉक या कार्यक्रमात प्रतिस्पर्धी एडी गरेरोचा क्रूझरवेट (हलक्या वजनगटाचा) किताब आणि रेचा मुखवटा, दोन्ही पणाला लागले होते. त्या दिवशीचा जांभळा पोशाख इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर बेतलेला आणि मुखवटा अंगातल्या कपड्यालाच जोडलेला. एडीने ओढून ओढून फाडला, तरी निघाला नाही. शेवटी एडी वरच्या दोरावरून त्याला आपटायला गेला, तर रेने हवेतच पायांची कात्री घालून त्यालाच चीत केलं. जेमतेम चौदा मिनिटांची ही कुस्ती; आजही पहिल्यांदा बघणाऱ्याला हीच दाखवावी. तेव्हा ‘१९९७ चा मुखवटा’ म्हणून कोणी सुटा तुकडा विकत असेल, तर तो त्या दिवसाचा नव्हे. पूर्ण पोशाख असेल तरच घ्या.

फेब्रुवारी १९९९ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूच्याच सुपरब्रॉल या कार्यक्रमात पैजेची कुस्ती हरल्यावर रेचा मुखवटा उतरवला गेला. हा डब्ल्यूसीडब्ल्यूचा शुद्ध करंटेपणा. लुचा परंपरेत गेलेला मुखवटा परत चढत नाही, आणि ज्या चेहऱ्यावर तिकिटं खपायची तोच त्यांनी फुकट घालवला. २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने तो पुन्हा चढवला. परंपरा मोडली खरी, पण आपल्याकडे टेन स्पोर्ट्सवर पोरांनी त्याचा ‘सिक्स वन नाइन’ हा खास डाव पाहिला तो याच रूपात. रोजच्या वापरायला, भिंतीवर लावायला याच काळातला घ्या: २००६ ला डब्ल्यूडब्ल्यूईच्या रेसलमेनिया २२ या कार्यक्रमात त्याने जागतिक विजेतेपद मिळवलं, त्या सुमाराचा.

धुताना उलटा करून गार पाणी आणि सौम्य साबण वापरा. मशीनमध्ये टाकू नका, पिळू नका, इस्त्री तर नाहीच. वाटीवर किंवा फुग्यावर चढवून सावलीत वाळवा, म्हणजे नाकाचा आकार चेपत नाही.