जुना गिटार पिकअप घेताय? माझे १३,५०० रुपये कसे गेले ते आधी वाचा

हे लिहायला दोन महिने लागले. चौदा वर्षं गिटार वाजवणारा माणूस असा फसला, हे सांगायची लाज वाटत होती. पण परवा त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात दिसली आणि डोकं फिरलं.

माझी गिटार यामाहा एफजी ८००, बिनपिकअपची, म्हणजे तारांचा आवाज केबलमधून मिक्सरला देणारं यंत्र तिच्यात नाही. कार्यक्रमात माइकसमोर बसायचं, जरा हललं की आवाज जातो, माइक वाढवला की फीडबॅक. म्हणून सॅडलखाली (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बसणारा पिएझो पिकअप, म्हणजे कंपनाची वीज करणारी पट्टी, आणि तो क्षीण आवाज मिक्सरला पेलेल असा करणारा, बॅटरीवरचा प्रीअँप हवा होता. फिशमनचा मॅट्रिक्स इन्फिनिटी, 'सहा महिने वापरलेला', १३,५०० ला दिसला. नव्यापेक्षा बराच कमी, पण संशय यावा इतका कमी नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण भेटेल तो विचारतो, "एवढं स्वस्त बघून कळलं नाही?" नाही कळलं. वापरलेल्या वस्तूचा भाव तेवढाच असतो.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. विक्रेता कॅनडाला चाललेला, आणखी दोघे रांगेत, आधी ९,००० आणि कुरियरची पावती दाखवल्यावर ४,५००. फरक एवढाच, की पार्सल खरोखर आलं. खोका, माहितीपत्रक, सगळं व्यवस्थित.

आता तो व्हिडिओ. पैसे देण्याआधी मी डेमो मागितला होता. त्याने पाठवला, 'केबल थेट मिक्सरमध्ये, माइक नाही' असं लिहून. आवाज गोड होता. बावीस-तेविसाव्या सेकंदाला मागे कुकरची शिट्टी वाजते. स्वच्छ, लांबलचक. सॅडलखालचा पिएझो तारांचं कंपन उचलतो, शेजारच्या स्वयंपाकघरातली शिट्टी त्यातून इतकी स्वच्छ येत नाही. म्हणजे आवाज फोनच्या माइकचा होता. मी शिट्टी ऐकली. ऐकून बायकोला म्हणालोसुद्धा, "यांच्याकडेही आत्ताच भात लागलाय." आणि ९,००० पाठवले. आजही कुकर वाजला की पोटात ढवळतं.

डेमो मागाल तेव्हा वाजवता वाजवता केबल उपटायला सांगा. आवाज चालूच राहिला तर समजून जा.

पिकअप बसवायला कारागिराने १,५०० घेतले. गिटारच्या मागच्या टोकाच्या ठोकळ्यात जॅकसाठी (केबल खुपसायची जागा) १२ मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं, मूळ सॅडल खालून घासावी लागते. दोन्ही परत न येणारं. घरी वाजवून 'चालतंय' म्हटलं आणि गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो. साउंडवाला पहिल्याच गाण्यात म्हणाला, "दादा, लो एंडच नाहीये." म्हणजे खालचे सूरच नाहीत. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज. मी त्याच्याच मिक्सरला दोष दिला.

महिन्याभराने बॅटरी मोजली. नऊ व्होल्टची बॅटरी, मीटरवर ९.४. इतके तास वाजवून कोरी कशी? कारागिराने जॅकची नळी उघडली. बॅटरीची काळी तार डाग दिलेली, लाल तार गोंदाच्या थेंबात संपलेली. प्रीअँप नव्हताच. पिएझोची तार सरळ जॅकला. पिएझोला समोर किमान एक मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम अवरोधाचा इनपुट लागतो, तो प्रीअँप देतो. मिक्सरच्या लाइन इनपुटला तो दहा-वीस हजार ओहमच मिळतो, मग खालचे सूर गळून जातात. साउंडवाला बरोबर होता. त्याला फोन करून माफी मागितली.

तक्रारीचं सांगतो. चौकीत पहिला प्रश्न, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" मी म्हटलं, फसवून पैसे घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसतं. उत्तर, "आता तुम्ही आम्हाला कायदा शिकवणार?" दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्तात. तिसऱ्यांदा झेरॉक्सचा नवा संच मागितला, आधीचा सापडत नव्हता. पोच अजून नाही. बँकेत गेलो, तर "पिन तुम्हीच टाकलाय ना?" हो, मीच टाकला, म्हणून तो पैसा त्या चोराचा झाला? ज्या खात्यात गेला त्या खात्याला नाव आहे, पत्ता आहे, केवायसी आहे. मला सांगू नका, पण पोलिसांनी तरी विचारावं! कुणालाही ते कागद उघडायचे नाहीत. १३,५०० ही त्यांच्या लेखी रक्कमच नाही. मला ती चार कार्यक्रमांची कमाई होती.

पैसे गेल्याचं त्याच दिवशी कळलं तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा, बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) हाताशी ठेवा. मला कळायला महिना लागला, तोवर खात्यात काही उरलं नसणार.

आणि मूळ सॅडलला हात लावू देण्याआधी पिकअप टेबलावरच जोडून, बोटाने टिचकी मारून, बॅटरी लावून आणि काढून तपासा. बॅटरी काढल्यावरही आवाज तसाच आला तर आत प्रीअँप नाही.

नव्या जाहिरातीत तोच खोका आहे, तोच निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ. किंमत आता १२,८००.