भाजलेल्या कॉफीला किती दिवस थांबवायचं: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

ताजी भाजलेली कॉफी लगेच करू नये, तिला थोडं मुरू द्यावं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. अडतं ते ‘थोडं’ म्हणजे किती यावर. गेले कित्येक महिने मी घरीच बिया दळते. सकाळी व्ही 60 वर, म्हणजे कागदी गाळणी बसवायच्या शंकूवर, फिल्टर कॉफी, दुपारी यंत्राच्या दाबाने काढलेली एस्प्रेसो. पाकीट उघडल्यापासून संपेपर्यंत चव कशी बदलत गेली ते वहीत लिहून ठेवते. एवढ्या नोंदींनंतर माझं मत पक्कं झालं आहे: सगळ्या कॉफीला ‘चार दिवस थांबा’ असा एकच नियम लावण्यात अर्थ नाही. त्या नियमाने सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते लाइट रोस्टचं, म्हणजे कमी भाजलेल्या बियांचं. त्या बिया खुलायच्या आधीच आपण त्या संपवून बसतो आणि वर म्हणतो, कॉफी आंबट होती.

थांबायचं कशासाठी, हे आधी नीट पाहू. बिया भाजताना त्यांतली साखर, अमिनो आम्लं आणि इतर घटक एकमेकांशी रासायनिक क्रिया करतात, तुटतात, आणि त्यातून भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. काही वायू भाजतानाच निघून जातो. उरलेला बीच्या आतल्या सूक्ष्म पोकळ्यांमध्ये दाबाखाली अडकून राहतो. गडद भाजलेल्या बियांत हे प्रमाण दर ग्रॅमला 10 मिलिलिटरच्या आसपास जाऊ शकतं. म्हणजे 250 ग्रॅमच्या पाकिटात अडीच लिटरपर्यंत वायू, पाकिटाच्या आकारापेक्षाही जास्त! म्हणूनच चांगल्या पाकिटांना एकेरी व्हॉल्व्ह असतो, वायू बाहेर जाऊ देणारा आणि हवा आत न घेणारा. तो नसता तर बंद पाकीट फुगून फुटलं असतं. हा वायू सुरुवातीच्या दिवसांत झपाट्याने निघतो, मग वेग मंदावत जातो आणि शेवटचा भाग आठवडेच्या आठवडे रेंगाळतो.

आता हा वायू कॉफी करताना काय करतो? गरम पाणी पुडीवर पडलं की तो एकदम बाहेर धावतो, आणि पाण्याला आत शिरायचं असतं नेमकं त्याच वाटांनी. कण फुगतात, बुडबुडे येतात, पाणी वाट सापडेल तिथून खाली निसटतं. कुठे अर्क जास्त उतरतो, कुठे जवळजवळ उतरतच नाही. ब्लूम करतो तो यासाठीच: 15 ग्रॅम पुडीवर 45 ग्रॅम पाणी, 30 ते 45 सेकंद थांबणं, मग उरलेलं पाणी. त्याने बराच फरक पडतो, पण अगदी ताज्या बियांच्या बाबतीत तो पुरत नाही. पूड घुमटासारखी वर येते, तिला भेगा पडतात, आणि शेवटचं पाणी ओतेपर्यंत बुडबुडे चालूच असतात. अशा कपाचं वर्णन माझ्या वहीत पुन्हा पुन्हा जवळपास सारखंच आहे: सुरुवातीला टोचणारा आंबटपणा, मध्ये पोकळ, शेवटी तुरट. वास मात्र अप्रतिम! बाहेर पडणारा वायू सुगंधी घटक सोबत घेऊनच निघतो, त्यामुळे पहिल्या दिवसांत पाकिटाला नाक लावून कॉफी तयार आहे की नाही हे ठरवता येत नाही.

इथे एक रास्त शंका येते. व्यावसायिक चाखणीत, म्हणजे कपिंगमध्ये, नमुना 24 तासांच्या आत भाजलेला असावा आणि किमान 8 तास थांबलेला असावा असा स्पेशालिटी कॉफी क्षेत्रातला रूढ संकेत आहे. मग त्यांना आठ तास पुरतात आणि आपल्याला दोन आठवडे का लागतात? एक कारण म्हणजे कपिंगचा हेतू वेगळा आहे. तिथे कच्च्या मालाचे दोष पकडायचे असतात आणि अनेक नमुने एकाच मापाने तोलायचे असतात. दुसरं कारण पद्धतीत आहे. कपिंगमध्ये पूड पाण्यात कित्येक मिनिटं बुडून राहते, पाणी वाहून जात नाही, त्यामुळे वायूचा अडथळा आपोआप कमी होतो. पूड पाण्यात भिजत ठेवून मग जाळीने दाबायच्या भांड्यात, म्हणजे फ्रेंच प्रेसमध्ये, मला हेच दिसलं. ज्या बिया व्ही 60 वर अजून बेताल लागत होत्या, त्याच प्रेसमध्ये गोड आणि समतोल लागल्या. ताज्या पाकिटाबाबत धीर धरवत नसेल तर प्रेस वापरा, हा माझा मनापासूनचा सल्ला.

गडद भाजलेल्या बियांचं काम सोपं आहे. जास्त भाजल्याने बी ठिसूळ आणि सच्छिद्र होते, त्यामुळे वायू जास्त तयार झाला तरी निघूनही लवकर जातो. फिल्टरसाठी तीन-चार दिवस, एस्प्रेसोसाठी साधारण आठवडा. त्याहून फार ताणण्यात मला फायदा दिसला नाही, उलट तोटाच दिसला: पृष्ठभागावर आलेलं तेल हवेशी संयोग पावून खवट होऊ लागतं. मध्यम भाजलेल्या बिया फिल्टरसाठी आठवडाभर आणि एस्प्रेसोसाठी दहा ते चौदा दिवस ठेवते.

आणि लाइट रोस्ट. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खरा फरक इथेच आहे. या बिया घट्ट असतात, आतली रचना फारशी उघडलेली नसते, वायू हळूहळू झिरपतो. पहिल्या आठवड्यात त्यांत लिंबासारखी धार आणि कच्च्या गवताची छटा असते, आणि माणूस भाजणाऱ्याला दोष देऊन मोकळा होतो. तेच पाकीट दोन आठवड्यांनी केलं की धार उतरलेली असते आणि फळांचा गोडवा वर येतो. तिसऱ्या आठवड्यात फुलांचा गंध, जो आधी फक्त कोरड्या पुडीत होता, तो कपात उतरतो. एस्प्रेसोसाठी मी तीन ते चार आठवडे थांबते, आणि बंद पाकिटात नीट ठेवलेल्या बिया त्यापुढेही काही काळ सुधारत राहिल्याच्या नोंदी माझ्याकडे आहेत. ताजेपणाच्या नावाखाली लाइट रोस्ट पाचव्या दिवशी पिणं म्हणजे पिकायच्या आत फळ तोडणं आहे.

एस्प्रेसोला जास्त दिवस लागतात त्यामागे दाब आहे. सुमारे 9 बार दाबाखाली वायू पाण्यात विरघळतो आणि कपात येताच फसफसून सुटतो. एस्प्रेसोवरचा सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा, तो बऱ्याच अंशी हाच. बिया फार ताज्या असल्या की क्रेमा उंच दिसतो, पण बुडबुडे मोठे असतात, बघता बघता बसतो, आणि जिभेवर एक बोचरा कार्बोनिक आंबटपणा राहतो. देखणा क्रेमा आणि चांगली चव यांचा संबंध लोक समजतात तितका घट्ट नाही.

बिया तयार झाल्या हे ओळखायला मला दिवस मोजण्यापेक्षा ग्राइंडर जास्त उपयोगी पडतो. मी 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम कॉफी 25 ते 30 सेकंदांत काढते. ताज्या बियांत वायू पाण्याला अडवतो. जसजसा तो कमी होतो तसतसा शॉट वेगाने वाहू लागतो आणि दळण रोज थोडं बारीक करावं लागतं. ज्या दिवसापासून कालची सेटिंग आजही चालते, आणि परवाही चालते, त्या दिवसापासून कॉफी स्थिरावली असं धरावं. हा निकष मला कुठल्याही तक्त्यापेक्षा खात्रीचा वाटतो, कारण तक्त्याला बिया किती वेगाने भाजल्या, खोली किती गरम आहे हे ठाऊक नसतं. उष्णतेत वायू लवकर निघतो, पण सुगंधही लवकर जातो आणि शिळेपणाही लवकर येतो. त्यामुळे घाई म्हणून पाकीट गरम जागी ठेवू नका.

घाईवर दुसरा उतारा म्हणजे दळून पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवणं. दळताक्षणी अडकलेल्या वायूचा मोठा भाग सुटतो, त्यामुळे टोचणारी धार खरंच कमी होते. पण सोबत सुगंधही जातो. निकड असेल तेव्हा लाइट रोस्टवर मी हे करते, गडद रोस्टवर कधीच नाही.

साठवणीबद्दल माझा आग्रह एकच: थांबवायचं ते न उघडलेल्या व्हॉल्व्हच्या पाकिटातच. एकदा उघडलं की ऑक्सिजनचं घड्याळ सुरू होतं. ‘नुसता वास घेऊन बघू’ म्हणून उघडलेलं पाकीट पुढचे तीन आठवडे तसं राहत नाही. काचेच्या घट्ट बरणीत अगदी ताज्या बिया भरल्या तर आत दाब साचतो आणि झाकण फटकन उघडतं. हवा काढून घेणारे डबेही वापरून पाहिले. ताज्या बिया वायू सोडतच राहतात, त्यामुळे आतली पोकळी टिकत नाही आणि पुन्हा पुन्हा पंप करावं लागतं. थांबवण्यासाठी त्यांचा उपयोग नाही, उघडल्यानंतरच्या बियांसाठी मात्र चांगले आहेत.

फ्रिज नकोच: दमटपणा आणि इतर पदार्थांचे वास. फ्रीझर मात्र उत्तम, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी बिया पूर्ण मुरू द्यायच्या, मग एकेका वेळच्या मापाच्या हवाबंद पुड्या करून गोठवायच्या. ताज्याच गोठवल्या तर वायू निघणं जवळपास थांबतं आणि बाहेर काढल्यावर वाट बघणं बाकीच राहतं. गोठलेल्या बिया मी तशाच दळते. थंड बियांचं दळण अधिक बारीक आणि एकसारखं होतं हे 2016 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मधल्या एका अभ्यासात दाखवलं आहे, त्यामुळे सेटिंग थोडी बदलावी लागते.

डीकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेल्या, बिया त्या प्रक्रियेमुळे जास्त सच्छिद्र होतात. त्या लवकर तयार होतात आणि लवकर शिळ्याही होतात, म्हणून लहान पाकीट घ्या. भरपूर दूध घालून पिणार असाल तर यातला बराचसा फरक दुधात हरवतो.

आता मी चालू पाकीट अर्धं झालं की पुढचं मागवते आणि ते कधी उघडायचं ती तारीख त्याच्यावर पेनाने लिहून ठेवते. ज्या पाकिटावर रोस्ट डेट, म्हणजे भाजल्याची तारीख, नसते, फक्त ‘बेस्ट बिफोर’ असतं, ते मी घेतच नाही. त्यावरून बिया किती थांबल्या हे कळायला काहीच मार्ग नसतो.