फ्री डिशची दुसरी छत्री : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

डीडी फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या मासिक शुल्क नसलेल्या डीटीएच सेवेचा, बॉक्स आमच्या घरी येऊन आता वर्ष उलटून गेले आहे. जून २०२४ मधील टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या तोंडावर तो घेतला आणि त्यानंतर एक पूर्ण पावसाळा, एक आयपीएल आणि चॅम्पियन्स ट्रॉफी त्याच्यासोबत काढली. ज्यांच्या घरी आधीपासून दरमहा पैसे भरून चालणारी डीटीएच आहे आणि केवळ भारताच्या सामन्यांसाठी क्रीडावाहिन्यांचा पॅक घ्यावा की नाही, या विचारात जे आहेत, त्यांना हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

बॉक्स घेण्यामागचे कारण आधी सांगतो, कारण माझा खरा राग त्यातच आहे. आमच्या घरावर एका खासगी कंपनीची छत्री अनेक वर्षांपासून आहे. वडिलांना (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) क्रिकेटचे वेड आहे, आणि भारताचा सामना दूरदर्शनवर लागतोच हे त्यांच्या मनात पक्के बसलेले आहे. दूरदर्शनच्या वाहिन्या आमच्या पॅकमध्ये होत्याच. तरीही सामन्याच्या वेळी ती वाहिनी लावली, की कधी एखाद्या जुन्या स्पर्धेचे चित्रण चालू असे, तर कधी सामना फक्त फ्री डिशवर उपलब्ध असल्याची पाटी. अण्णा पाटीसमोर थोडा वेळ बसत, रिमोटने वाहिनी मागेपुढे करून पाहत आणि शेवटी रेडिओ लावत.

मी कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन केला. पलीकडच्या मुलीने अतिशय नम्रपणे सांगितले की तांत्रिक बिघाड काहीही नाही, सामना पाहायचा असेल तर क्रीडावाहिन्यांचा पॅक घ्यावा लागेल. मी विचारले, की दूरदर्शनच्या वाहिनीचे पैसे आमच्या रिचार्जमध्ये धरलेले नाहीत काय? त्यावर तिने तक्रार नोंदवून घेतली, आणि संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. हे असे अनेकदा झाले. दर वेळी पाटी तशीच आणि निराकरणाचा संदेशही तसाच.

या पाटीबद्दल मी इतके का लिहितो, असे कोणाला वाटेल. २०१९ मध्ये ट्रायची (दूरसंचार नियामक प्राधिकरणाची) नवी दररचना लागू झाली तेव्हा वाहिन्या घ्या किंवा घेऊ नका, १३० रुपये नेटवर्क शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून १५३ रुपये ४० पैसे दरमहा भरणे आलेच. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे वाहिनी सक्तीने घरात येते, ती ज्या नेटवर्कवरून येते त्याचे भाडे आपण भरतो, आणि ज्या तीन तासांसाठी ती वाहिनी हवी असते नेमक्या त्याच तीन तासांत तिच्यावर पडदा टाकला जातो. शेजारी पत्र्याच्या घरात राहणारा, महिन्याला एक पैसाही न भरणारा माणूस तोच सामना त्याच वाहिनीवर पाहतो. त्याला तो दिसावा, हे उत्तमच आहे. पण मग पैसे भरणाऱ्याला का दिसू नये?

अखेर तालुक्याच्या दुकानातून फ्री डिशची छत्री आणि बॉक्स आणला. बसवणावळीसह खर्च दीड हजारांच्या आसपास गेला. जुन्या छत्रीवरच काम भागेल अशी माझी अपेक्षा होती, परंतु फ्री डिशचे प्रक्षेपण ९३.५ अंश पूर्वेवरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते आणि आमची जुनी छत्री दुसऱ्याच उपग्रहाकडे तोंड करून होती, त्यामुळे गच्चीवर दुसरी छत्री लावावी लागली. बसवणाऱ्या मुलाने तिचे तोंड आग्नेयेला केले, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) बोटभर फिरवला, खालून मी ‘आला, आला’ म्हणून ओरडलो आणि काम झाले. त्यानंतर आजतागायत तिच्यावर एक रुपयाही खर्च झालेला नाही. रिचार्ज संपल्याचा संदेश नाही, पॅक बदलण्याचा आग्रह नाही.

पहिला महिना तर मी या बॉक्सच्या प्रेमातच होतो. २९ जूनचा अंतिम सामना आम्ही सर्वांनी याच बॉक्सवर पाहिला. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या, हार्दिक पंड्याचा पहिलाच चेंडू मिलरने उंच भिरकावला आणि सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल पकडला, तेव्हा आमच्या घरातला आरडाओरडा आधी झाला आणि समोरच्या घरात, जिथे मोबाइलवर सामना चालू होता, तो काही क्षणांनी झाला. थेट उपग्रहावरून येणारे चित्र इंटरनेटवरच्या चित्राच्या पुढे असते. आमच्या बॉक्सवर ते एचडीइतके रेखीव नाही, मुसळधार पावसात सिग्नल जातो (तो दोन्ही छत्र्यांचा जातो), आणि अण्णांना दोन रिमोट सांभाळावे लागतात. यातील कशाचीही मला खंत नाही.

काही महिन्यांनी मात्र माझे मत थोडे बदलले. बॉक्सबद्दलचे समाधान टिकून राहिले, पण तो आपल्याला घ्यावाच का लागला, हा प्रश्न स्वस्थ बसू देईना.

हा वाद फार जुना आहे. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ज्या निकालात म्हटले, त्याचे मूळ १९९३ च्या हिरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून झालेल्या भांडणात होते, आणि तो निकाल देणाऱ्या पीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २१ जानेवारी २००७ रोजी नागपुरात भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यात एकदिवसीय सामना झाला. भारताने ३३८ धावा केल्या, चंदरपॉलने नाबाद १४९ धावा करून सामना शेवटपर्यंत खेचला आणि आपण १४ धावांनी जिंकलो. हा थरार दूरदर्शनच्या प्रेक्षकांना थेट पाहता आला नाही, कारण हक्क घेतलेल्या कंपनीशी वाद मिटला नव्हता. पुढचे सामने दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सात मिनिटे उशिराने दाखवण्याची वेळ आली. यानंतरच केंद्राने आधी अध्यादेश आणि मग कायदा आणला : राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट चित्र, जाहिराती काढून, प्रसार भारतीला (दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला) द्यायचे आणि दूरदर्शनने मिळवलेल्या जाहिरातींच्या उत्पन्नातील किमान ७५ टक्के वाटा हक्क असलेल्या कंपनीला मिळायचा.

पाटीचे मूळ याच कायद्याच्या शब्दांत आहे. हे चित्र प्रसार भारतीने आपल्या भूप्रक्षेपणावर (जमिनीवरच्या केंद्रांतून थेट अँटेनावर येणाऱ्या) आणि आपल्या डीटीएचवर दाखवावे, असे कायदा म्हणतो. क्रीडावाहिन्यांचे म्हणणे असे, की तेच चित्र दूरदर्शनमार्फत खासगी केबल आणि डीटीएचवर फुकट गेले तर आमची वाहिनी पैसे देऊन कोण घेईल? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये हे म्हणणे मान्य केले. कायद्याचे शब्द जसे आहेत ते पाहता निकाल तर्काला धरून आहे, आणि हजारो कोटी मोजून हक्क घेणाऱ्या कंपनीची बाजू मला कळत नाही असेही नाही. पण त्या शब्दांतील पहिला आधारच आता जवळपास उरलेला नाही. छपरावर अँटेना लावून दूरदर्शन पाहण्याचे दिवस संपले. जमिनीवरची अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत, मोजकी सोडता, बंद करण्यात आली. राहिली ती जवळपास एकटी फ्री डिश. फुकट सामना पाहण्याचा जो अधिकार कायद्याने प्रत्येक प्रेक्षकाला दिला असे आपण समजतो, तो प्रत्यक्षात एका विशिष्ट छत्रीला बांधलेला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने खासगी केबल आणि डीटीएचचाही समावेश करणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी मांडला होता. तो अजून कायद्यात उतरलेला नाही आणि पाटी आहे तिथेच आहे.

आयपीएल केंद्राच्या राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांच्या यादीत नाही, त्यामुळे त्या दोन महिन्यांत या बॉक्सकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. कसोटी सामने केंद्र सरकार जेवढे महत्त्वाचे ठरवील तेवढेच यादीत येतात. २०२३ मध्ये जिओ सिनेमाने आयपीएल मोबाइलवर फुकट दाखवली, तीही मराठी समालोचनासह. केदार जाधव तेव्हा तिथे मराठीत बोलत होता आणि हंगामाच्या मध्यातच बंगळूरु संघाने त्याला खेळायला बोलावून घेतले. त्या वर्षी ‘आता छत्री कशाला हवी’ असे आमच्याकडे अनेक जण म्हणत होते. दोन वर्षांत जिओ सिनेमा आणि हॉटस्टार एकत्र आले, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आले आणि सामने पाहण्यासाठी तीन महिन्यांचे किमान १४९ रुपये भरणे सुरू झाले. रक्कम मोठी नाही. परंतु व्यापाराच्या सोयीने फुकट दिलेली गोष्ट व्यापाराच्या सोयीनेच परत घेतली जाते, आणि कायद्याने दिलेली तशी घेता येत नाही, हा फरक मला या एका वर्षात फार ठळकपणे दिसला.

अण्णांसारखा केवळ भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने पाहणारा माणूस घरात असेल, तर हा बॉक्स डोळे मिटून घ्यावा. क्रीडावाहिन्यांच्या पॅकचे पैसे वाचून त्याची किंमत लवकरच वसूल होते. आयपीएल आणि परदेशी लीग हव्या असतील, तर पैसे भरण्याला पर्याय नाही. बसवताना छत्रीचा पाय गच्चीच्या भिंतीत बोल्टने नीट आवळून घ्यावा, कारण वाऱ्याने ती किंचित हलली तरी सिग्नल जातो आणि तो नेमका सामन्याच्या वेळीच लक्षात येतो. जुन्या छत्रीचे रिचार्ज आम्ही आईच्या मालिकांसाठी चालू ठेवले आहे, मात्र त्यातून क्रीडावाहिन्या काढून टाकल्या आहेत. कंपनीकडे केलेली माझी शेवटची तक्रारही निराकरण झालेली म्हणूनच नोंदलेली आहे; ती पुन्हा उघडावी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.