संध्याकाळी पाचनंतर जाऊन बघा

आईला डिमेन्शिया आहे, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू हरवत जाण्याचा आजार. तिला ठेवायला शेवटी दोनच पर्याय उरले होते. एक मोठं केअर सेंटर: साठेक रहिवासी, डिमेन्शियाचा वेगळा मजला, चोवीस तास नर्स. दुसरं बंगलीवजा, जेमतेम बारा जणांचं. परवाने, डॉक्टरांची फेरी, बाथरूममधले आधाराचे दांडे हे दोन्हीकडे ठीक होतं, त्यात वेळ घालवत नाही. आई आधी मोठ्या ठिकाणी चार महिने राहिली, आता छोट्या ठिकाणी आहे.

मोठ्याचं जमेचं आधी सांगतो. रात्रीची नर्स ही लहानसहान गोष्ट नाही. म्हातारपणी लघवीच्या जंतुसंसर्गात ताप येतोच असं नाही. माणूस एका रात्रीत जास्तच गोंधळतो आणि घरचे ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसतात. आईचं तसं झालं तेव्हा तिथल्या नर्सनं सकाळ होताच लघवी तपासायला पाठवली. छोट्या ठिकाणी हे इतक्या लवकर कुणाच्या लक्षात आलं असतं, असं मला वाटत नाही.

मग हलवलं का? टीव्हीमुळे. हसू नका.

हॉलमधला टीव्ही सकाळी लागायचा तो निजानीज होईपर्यंत चालूच. पडद्यावरचं काय आणि खोलीतलं काय, हे आईला कळेनासं झालं होतं. बातम्यांत भांडणारी माणसं तिच्या लेखी हॉलमध्येच भांडत असायची. एकदा मी गेलो तर ती खुर्ची ओढत टीव्हीसमोर नेत होती. ‘त्या बाईला बसायला द्या रे, केव्हाची उभी आहे.’ बाई म्हणजे बातम्या देणारी निवेदिका! या आजारात दिवस कलला की तसाही जीव सैरभैर होतो, त्यात हा आरडाओरडा. बंद करा म्हटलं तर रिमोट ऑफिसात आणि ऑफिसला कुलूप. तीनदा लेखी सांगितलं. दोन दिवस आवाज कमी, मग पुन्हा तेच. शेवटी उत्तर आलं ते असं: ‘संध्याकाळी फार अस्वस्थ असतात त्या, डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करू या.’ म्हणजे टीव्ही राहू द्या, आईच बंद करा. अशा अस्वस्थपणावर बऱ्याचदा अँटिसायकोटिक, म्हणजे मुळात गंभीर मनोविकारांवरची औषधं देतात. डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच दिलेला आहे. कधीकधी ती द्यावी लागतात, मान्य. पण टीव्हीवर उतारा म्हणून?

मावशींनाही काय बोलणार म्हणा. पाचला पाळी बदलली की वीस जणांमागे दोघी. तिसरी मावशी म्हणजे तो टीव्ही.

छोट्या ठिकाणी टीव्ही आहे, पण त्यावर कापड टाकलेलं असतं. संध्याकाळी टेबलावर धुतलेल्या टॉवेलांचा ढीग येतो. आई घड्या घालते, कडेला कड जुळवून, वरून तळहात फिरवून. झाल्या की मावशी ढीग आत नेतात, विस्कटतात आणि परत आणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती फसवणूक वाटली. अजूनही थोडी वाटते. पण तासभर आई कामात असते, आणि गोळी अजून सुरू करावी लागलेली नाही.

कुरबुरी इथंही आहेत. खोली दोघींत एक. रात्री नर्स नसल्यानं माझा फोन उशाशी असतो. सगळी मदार तीन मावशींवर. त्यातली एक सोडून गेली तर काय, हा विचार मी टाळतो.

त्यामुळे सरसकट सांगणं अवघड आहे. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, नळीनं अन्न द्यावं लागत असेल, तर मोठंच ठिकाण बघा. चालता-फिरता, बोलता असेल तर मी तरी पुन्हा छोटंच निवडेन. मात्र बघायला जाल तेव्हा शक्यतो न कळवता, पाच ते सातच्या दरम्यान जा. सकाळी अकराला सगळीच ठिकाणं छान दिसतात. हॉलमध्ये अर्धा तास नुसते बसा. आणि रिमोट कुणाकडे असतो, ते विचारा.