विंडोज ११ चा इन्स्टॉलर: डिस्क दिसत नाही तेव्हा

गुण: ५ पैकी ३

एरवी हा इन्स्टॉलर सरळ आहे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. पण इंटेलच्या ११ व्या किंवा पुढच्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपवर ‘एकही ड्राइव्ह सापडला नाही’ म्हणत तो डिस्क निवडायच्या पडद्यावरच अडतो. दोन गुण तिथेच कापले. एसएसडी, म्हणजे लॅपटॉपची डिस्क, ठणठणीत असते. तिच्या आणि विंडोजच्या मध्ये इंटेलचा व्हीएमडी कंट्रोलर (डिस्क सांभाळणारा भाग) असतो आणि त्याचा ड्रायव्हर (तो भाग विंडोजला ओळखता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरला सापडत नाही. संदेश मात्र असा, की डिस्कच गेली असं वाटावं. मग खानापूर-निपाणीहून बेळगाव गाठायचं, नवी एसएसडी घ्यायची, आणि तीही दिसत नाही!

पैसे घालण्याआधी बायोस (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंग्जचा पडदा) उघडा. तिथे एसएसडीचं नाव दिसत असेल तर अडचण ड्रायव्हरची. दिसत नसेल तर खोलून बघा. एम.२ पट्टीला (पट्टीच्या आकाराच्या एसएसडीला) दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, म्हणजे जुन्या, हळू जोडणीची असते, आणि फक्त एनव्हीएमई ही नवी, वेगवान जोडणी चालणाऱ्या स्लॉटमध्ये ती बसते पण चालत नाही. डेस्कटॉपवर एम.२ भरला की काही बोर्डांचा एखादा साटा पोर्ट बंद पडतो. केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, आपल्याच मॉडेलच्या पानावरून घ्या: ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’. डाउनलोड केलेली ईएक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती सोडवून (एक्स्ट्रॅक्ट करून) आतल्या आयएनएफ, म्हणजे खुद्द ड्रायव्हरच्या, फाइलींचा फोल्डर कॉपी करायचा. मग ‘लोड ड्रायव्हर’, ‘ब्राउज’, तो फोल्डर, आणि यादीतला व्हीएमडी कंट्रोलर. डिस्क लगेच दिसते. ही सोय खरंच चांगली आहे, म्हणून तीन गुण.

बायोसमधून व्हीएमडी बंद करणं सोपं वाटतं. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत तो पर्याय लपवलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबल्यावर दिसतो. पण जुनं विंडोज ठेवायचं असेल तर हात लावू नका, ते सुरूच होणार नाही. बिटलॉकरची (विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची) रिकव्हरी की आधी लिहून घ्या.

डिस्क दिसते, पण एमबीआर (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत; नवी ती जीपीटी) असल्याची तक्रार येते, तेव्हा शिफ्ट-एफ१० दाबून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत डिस्कपार्ट टाइप करा, मग एकेक आज्ञा: लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि तिचा आकडा, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. सिलेक्ट करताना आकडा दोनदा वाचा, कारण पेनड्राइव्हही त्याच यादीत असतो आणि क्लीन सगळंच पुसतं. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी तर जास्तच जपावं. एकाच मशीनवर कन्नडचे नुडी आणि मराठीचे श्रीलिपी फॉन्ट असतात. बॅनरच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नसतात, त्यामुळे ते फॉन्ट गेले की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं उमटतात. फॉन्टचा फोल्डर आधी बाहेर काढा, मगच क्लीन.