कॉलेजमध्ये स्पॅनिश: १०२ घ्यावं की २०१?

अमेरिकेत हायस्कूलला तीनेक वर्षं स्पॅनिश केलेली आपली मुलं कॉलेजच्या प्लेसमेंट टेस्टनंतर (कुठल्या पातळीपासून सुरुवात करायची ते ठरवणारी परीक्षा) बहुतेक वेळा या दोन कोर्सच्या मधेच लटकतात (१०१, १०२, २०१, २०२ हे सहसा ओळीने पहिल्या चार सेमिस्टरचे कोर्स), मीपण तिथेच होतो. एपीला (हायस्कूलमधली कॉलेजच्या पातळीची परीक्षा, गुण पाचपैकी) ४ किंवा ५ आले असतील तर प्रश्नच वेगळा, बऱ्याच ठिकाणी तुम्ही २०२ किंवा त्याच्याही पुढे जाता. आणि नववी-दहावीत दोन वर्षं करून नंतर पुस्तकाला हातच लावला नसेल तर सरळ १०२ घ्या. हे सगळं मधल्यांसाठी.

हायस्कूलचं एक वर्ष म्हणजे कॉलेजचं एक सेमिस्टर असा ढोबळ हिशोब सांगतात. त्या हिशोबाने तीन वर्षंवाला २०२ ला बसायला हवा, पण बारावीत स्पॅनिश सोडलेलं असतं, वर उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे तेवढी उडी मला तरी जास्त वाटते.

अ‍ॅड-ड्रॉपची (म्हणजे कोर्स घ्यायची-सोडायची) मुदत संपायच्या आत मी दोन्ही वर्गांत जाऊन बसलो. १०२ मध्ये शिकवणाऱ्या बाई खरंच चांगल्या होत्या, खूप सांभाळून घ्यायच्या, पण मला नको झालं ते ऑनलाईन वर्कबुक. रोज रात्री रिकाम्या जागा भरायच्या, आब्लार, कोमेर, विविर, तीच क्रियापदं सहाही रूपांत चालवायची, जी आपण दहावीतच पाठ केलेली, आणि अ‍ॅक्सेंटचं एक चिन्ह राहिलं की अख्खं उत्तर लाल. मग ते चिन्ह कीबोर्डवर कुठे आहे ते शोधा, परत टाका, परत सबमिट करा. ग्रेडचा मोठा हिस्सा त्याच्यावर, म्हणजे टाळताही येत नाही. पाऊण तास त्यात घालवून तोंडातून स्पॅनिशचं एक वाक्य निघालेलं नसायचं, आणि मला तर बोलायला शिकायचं होतं.

२०१ ला वर्कबुक होतं, पण नावापुरतं. पहिल्याच आठवड्यात लहानपणीची एक आठवण स्पॅनिशमध्ये सांगायला लावली. मी नाशिकचं सांगितलं, सुट्टीत आम्ही आजोबांकडे जायचो, गच्चीवर झोपायचो, आणि एका रात्री लाईट गेली. इथे इम्परफेक्ट आणि प्रेटेरिट दोन्ही लागतात, नेहमीचं ते इम्परफेक्टमध्ये आणि एकदाच घडलेलं प्रेटेरिटमध्ये, आणि बाकीची मुलं त्यावर अडत होती तिथे मराठी घरातल्याला ‘जायचो’ आणि ‘गेली’ यातला फरक आधीच कानात असतो. शब्दांच्या लिंगाचंही तेच, आपल्याला त्याची सवय असतेच. त्यामुळे मला वाटतं आपली मुलं स्वतःला एक पायरी खालीच धरतात.

२०१ सोपा आहे असं अजिबात नाही. उजळणी तीन-चार आठवड्यांत उरकतात, मग सबजंक्टिव्ह (इच्छा, शंका, शक्यता सांगताना लागणारं क्रियापदाचं रूप) येतो आणि तिथे मराठीची फारशी मदत होत नाही, वर्गात इंग्रजी जवळजवळ बंद, शिवाय निबंध. त्याच सेमिस्टरला केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस दोन्ही असतील किंवा स्कॉलरशिपसाठी जीपीए टिकवायचा असेल तर १०२ घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, ए मिळण्याची शक्यता तिथे जास्त आहे हे खरं.

पण डिग्रीला चौथ्या सेमिस्टरपर्यंतची भाषा लागत असेल (बऱ्याच बीएला लागते), तर १०२ पासून तीन कोर्स होतात आणि २०१ पासून दोनच, म्हणजे एका अख्ख्या कोर्सची फी आणि वेळ वाचतो. काही ठिकाणी तर वरचा कोर्स चांगल्या ग्रेडने पार केला की खालच्यांची क्रेडिट्स मागाहून मिळतात, मॅडिसनच्या युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिनमध्ये त्यासाठी बी किंवा त्याहून चांगला ग्रेड लागतो. तुमच्याकडे ही सोय आहे का ते अ‍ॅडव्हायझरला आवर्जून विचारा, आपणहून सांगतीलच असं नाही.

प्लेसमेंट टेस्ट घरी बसून देत असाल तर गूगल उघडू नका प्लीज, नाहीतर २०२ मध्ये जाऊन पडाल आणि वर्गात काय चाललंय ते कळणारही नाही. आणि अगदीच काठावर असाल तर रजिस्टर २०१ ला करून ठेवा, आमच्याकडे तरी तिथून १०२ ला उतरायला पहिल्या आठवड्यात जागा होती, उलटं चढायला आलेल्यांना मात्र वेटलिस्टवर थांबावं लागलं.